बदाम नसलेली बदामाची दारू

आधी एक धक्का देऊन टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. अमरेटो नावाची जी इटालियन 'बदामाची दारू' आपण शोकेसमध्ये दिमाखात ठेवतो, तिच्या सगळ्यात प्रसिद्ध बाटलीत बदाम नसतो. दिसारोन्नो बनवणारी कंपनी स्वतःच सांगते की आमच्या बाटलीत बदाम नाहीत. असतं काय, तर अल्कोहोल, करपवलेली साखर, जर्दाळूच्या बियांच्या आतल्या गराचं तेल आणि १७ वनस्पती-फळांचे अर्क. झालं. आपण ज्याला 'आहाहा, काय बदामाचा वास आहे' म्हणतो तो जर्दाळूच्या बीचा वास.

मंडळी, आजचा विषय घरी फळं घालून केलेलं बदामी कॉकटेल. ताथवड्यात आणि आजूबाजूला, म्हणजे वाकड, पुनावळे, रावेत, हिंजवडी या आपल्या पट्ट्यात, गेल्या काही वर्षांत शनिवारच्या घरगुती बैठकींचं रूप बदललंय. पूर्वी व्हिस्की, सोडा, चखना आणि रात्री एकला राजकारण. आता हाउसवॉर्मिंगला यजमान शेकर काढतो, बर्फाचे मोठे ठोकळे काढतो, आणि 'काहीतरी फ्रूटी बनवतो' म्हणतो. मला हा बदल आवडतो. पण यात एक गोष्ट कुणी बोलत नाही आणि ती बोलायला हवी असं मला वाटतं. ती अशी की गोड, फळाच्या कॉकटेलमध्ये किती दारू आहे हे पिणाऱ्याला कळत नाही, फक्त बनवणाऱ्याला कळतं. म्हणून मोजायची आणि सांगायची जबाबदारी बनवणाऱ्याची. पाहुण्याची नाही.

मुद्द्यावर येतोच, पण आधी थोडं बदामपुराण. त्याशिवाय मजा नाही.

कडू बदामाचं रसायन

मूठभर बदाम खाताना एखादा कडू निघतो आणि तोंड वाकडं होतं, हा अनुभव सगळ्यांना आहे. अमरेटोचा वास म्हणजे त्या कडू बदामाचा वास. नावातच ते आहे: इटालियनमध्ये 'अमारो' म्हणजे कडू, आणि अमारेत्तो म्हणजे 'थोडंसं कडू', लाडानं 'कडवटलं'.

कडू बदामात आणि जर्दाळूच्या बीच्या गरात अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. बी ठेचली, ओली झाली की तिच्यातलंच एक एन्झाइम त्या अमिग्डालिनचे तुकडे करतं. निघतात तीन गोष्टी: ग्लुकोज, बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड. पहिली गोड, दुसरीला तो 'बदामी' वास, आणि तिसरी विष. व्योलर आणि लीबिग या जर्मन जोडगोळीनं हे कोडं १८३७ साली उलगडलं होतं. आपण रोज खातो त्या गोड बदामात अमिग्डालिन जवळजवळ नसतंच. २०१९ साली बदामाच्या जनुकसंचावर झालेल्या संशोधनातून कळलं की हा फरक एका जनुकातल्या एका बिंदूच्या बदलामुळे पडतो. म्हणजे एका अक्षराचा बग फिक्स, आणि हजारो वर्षं अख्खी मानवजात बदाम खातेय. आपल्या एका अक्षराच्या फिक्सनं प्रॉडक्शन पडतं, असो. :-)

आता यातला महत्त्वाचा भाग. परदेशी रेसिपींमध्ये 'घरी अमरेटो करा' म्हणून जर्दाळूच्या बियांचा गर व्होडकात महिनाभर भिजवायला सांगितलेलं असतं. आपल्याकडे जर्दाळू खाल्ला की बी फोडून आतला 'बदाम' खायची लहानपणापासूनची सवय, त्यामुळे यात काही वावगं वाटत नाही. पण आपण खातो ते गर बहुतेक गोड जातीचे. कडू गराची गोष्ट वेगळी. युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ साली स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसानंही एका वेळी कच्च्या जर्दाळूचे तीनपेक्षा जास्त लहान गर खाल्ले तर सायनाइडची सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. कारखान्यात हे विष काढून टाकायची सोय असते, आपल्या किचनच्या ओट्यावर नसते. तेव्हा बिया भिजवण्याचा उद्योग करू नका. बेकरीच्या सामानाच्या दुकानात बदाम इसेन्सची छोटी बाटली मिळते, त्यातही मुख्यतः हाच बेंझाल्डिहाइडचा वास असतो, विषाशिवाय. थेंबभर पुरतो.

आणि हो, दंतकथा राहिली. कंपनी सांगते ती अशी: १५२५ साली बर्नार्दिनो लुईनी हा चित्रकार सारोन्नो गावातल्या चर्चमध्ये भित्तिचित्रं काढत होता, मॅडोनाच्या चित्रासाठी एक विधवा खाणावळवाली त्याच्यासमोर बसली, आणि तिनं कृतज्ञता म्हणून त्याला हे पेय करून दिलं. लुईनीची भित्तिचित्रं तिथे खरोखर आहेत. पेयाची गोष्ट खरी की मार्केटिंगची, ते ज्यानं त्यानं ठरवावं. माझं मत विचाराल तर बदाम नसलेल्या दारूला एवढी गोष्ट लागणारच.

बाटली आणायची की नाही?

अमरेटोची बाटली आपल्याकडे महाग आहे आणि ती महाग असण्यात इटालियन माणसाचा दोष कमी, आपल्या करांचा जास्त. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयात दारूवर ५० टक्के सीमाशुल्क आणि वर १०० टक्के कृषी अधिभार अशी मांडणी झाली, त्यावर राज्याचा कर वेगळा. शिवाय लिकर ही गोष्ट गोडच असते. युरोपच्या नियमांत लिकर म्हणवून घ्यायला लिटरला निदान १०० ग्रॅम साखर लागते. थोडक्यात, आपण बराच कर आणि पुष्कळ साखर विकत घेतो.

कायद्याचंही जाता जाता सांगतो, कारण हिंजवडीतल्या नव्या फ्रेशर्सना हे हमखास माहीत नसतं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, दारू प्यायला परवाना लागतो (एक दिवसाचा पाच रुपयांचा, आजन्म हजार रुपयांचा), आणि स्पिरिट्ससाठी वयाची अट २५ वर्षं आहे. बिअर आणि वाइनला २१. म्हणजे कॅम्पसमधून आलेला बावीस वर्षांचा पोरगा मतदान करू शकतो, बोहल्यावर चढू शकतो, गृहकर्जाच्या अर्जावर सही करू शकतो, पण कायद्यानं त्याला अमरेटो चालत नाही. या विसंगतीवर कितीही हसा, पण यजमान म्हणून ती लक्षात ठेवा, कारण घरी येणाऱ्या टीममध्ये निम्मी मुलं त्या वयाची असतात.

माझं म्हणणं, बाटलीशिवाय भागतं. आपल्याकडे बदामाचं सरबत आहे, ठंडाई आहे. फ्रेंचांचं बदामी सिरप म्हणजे आपल्या बदाम सरबताचाच चुलतभाऊ. बारमधल्या 'माय टाय'मध्ये तेच असतं. तर बदामी पाक असा:

शंभर ग्रॅम बदाम रात्रभर भिजवा, सकाळी सालं काढा. २५० मिली पाणी घालून मिक्सरवर गंधासारखं वाटा. तासभर ठेवून मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळून घ्या. जे दूध निघेल त्याच्या वजनाइतकी साखर घालून मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच गरम करा, उकळू नका, नाहीतर फुटतं. गार झालं की बदाम इसेन्सचा एक थेंब आणि हवं तर चमचाभर गुलाबपाणी. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. वर साय धरते, हलवून घ्यायचं. उरलेला चोथा टाकू नका, शिऱ्यात घाला. (आईला हा चोथा दाखवलात तर 'एवढे बदाम वाया घालवलेस?' हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा.)

आता पेय. एका ग्लासाचं प्रमाण:

महाबळेश्वरच्या चार पिकलेल्या स्ट्रॉबेऱ्या झाकणाच्या काचेच्या बरणीत रवीनं किंवा लाकडी चमच्यानं ठेचा. त्यात २० मिली लिंबाचा रस, २० मिली बदामी पाक, ३० मिली ब्रँडी आणि पाच-सहा बर्फाचे खडे. झाकण घट्ट लावून बरणी बाहेरून गार पडेपर्यंत हलवा, म्हणजे साधारण पंधरा सेकंद. गाळणीतून ग्लासात, वर सोडा. महागड्या शेकरची गरज नाही, लोणच्याची धुतलेली बरणी चालते. मात्र वास जाईपर्यंत धुवा, कैरीच्या लोणच्याच्या वासाचं कॉकटेल हा प्रयोग करायची गरज नाही.

स्ट्रॉबेरी का? कारण बेंझाल्डिहाइड हे चेरी, पीच, जर्दाळू यांच्या वासातही असतं, त्यामुळे आंबटगोड, लाल, वासाच्या फळांशी बदामाचं जुळतं. स्ट्रॉबेरीचा हंगाम हिवाळा ते उन्हाळ्याची सुरुवात. त्यानंतर पुरंदरचे अंजीर आले की ते घ्या, फक्त लिंबू वाढवा, कारण अंजिराला आंबटपणा नाही. जूनमध्ये जांभूळ. जांभळाचा तुरटपणा आणि बदामाचा कडवटपणा हे कॉम्बिनेशन इटलीतल्या कुणी प्यायलं नसेल, त्यांचं नुकसान. मोसंबी वर्षभर मिळते पण लिंबाशिवाय मोसंबी मिळमिळीत लागते. पपईच्या वाटेला जाऊ नका. डांगे चौकातल्या फळांच्या गाड्यांवर जे चांगलं दिसेल ते आणा, हाच खरा नियम.

मापाचं गणित

इथून खरा मुद्दा सुरू.

वरच्या रेसिपीत ब्रँडी बरोब्बर ३० मिली का? कारण ते आपल्याला माहीत असलेलं एकक आहे: एक स्मॉल पेग. भारतीय ब्रँडी, रम, व्हिस्कीच्या लेबलवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा असतो. तो ब्रिटिश काळातल्या 'प्रूफ' मापातून आलाय: ७५ डिग्री प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के. इंग्रज गेले, त्यांचं प्रूफही त्यांच्याच देशातून गेलं, आपल्या लेबलवर मात्र आहे. तर ३० मिलीत शुद्ध अल्कोहोल साधारण १२.८ मिली, म्हणजे वजनानं १० ग्रॅम.

अमरेटोत अल्कोहोल २८ टक्के. त्याच्या नेहमीच्या 'सावर'मध्ये ४५ मिली पडतं. ४५ चे २८ टक्के म्हणजे १२.६ मिली, म्हणजे परत तेच १० ग्रॅम. म्हणजे अमरेटो 'हलकं' असतं, 'लेडीज ड्रिंक' असतं वगैरे जे आपण बोलतो ते निव्वळ गोडपणामुळे. एक ग्लास बरोबर एक स्मॉल पेग. (आणि 'लेडीज ड्रिंक' हा शब्दप्रयोग आता माळ्यावर टाकून द्यावा ही नम्र विनंती.)

आता गंमत बघा. अमेरिकेतल्या पोर्टलंडचा जेफ्री मॉर्गनथेलर हा नामांकित बारटेंडर. त्यानं २०१२ साली अमरेटो सावरची आपली रेसिपी जाहीर केली, आणि आज जगभर तीच वापरतात. त्यात ४५ मिली अमरेटोसोबत जवळपास २२ मिली कडक बर्बन असते. ती ६० टक्क्यांची धरली तर एका ग्लासात २० ग्रॅमच्या वर अल्कोहोल. नाव तेच, रंग तोच, चव उलट जास्त चांगली, आणि दारू दुप्पट. पिणाऱ्याला कळायला मार्ग काय? काही नाही. साखर, आंबट आणि बर्फ या तिघांनी मिळून अल्कोहोलचा जळजळीत कडवटपणा झाकलेला असतो. खात्री करायची असेल तर वरच्या रेसिपीचे दोन ग्लास करा, एक ब्रँडीसकट आणि एक ब्रँडीशिवाय, आणि डोळे मिटून एकेक घोट घ्या. भरपूर बर्फ आणि सोडा असला तर पहिल्या घोटाला फरक सांगताना भलेभले अडखळतात.

आता हे १० ग्रॅम रक्तात काय करतात? स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्कचं सूत्र अजूनही ढोबळ अंदाजाला वापरतात: अल्कोहोलचे ग्रॅम भागिले वजन गुणिले एक गुणांक. गुणांक पुरुषांसाठी ०.६८ आणि स्त्रियांसाठी ०.५५ च्या आसपास. सत्तर किलोचा पुरुष एक ग्लास प्यायला तर १०० मिली रक्तात साधारण २१ मिलिग्रॅम. पंचावन्न किलोची स्त्री तोच एक ग्लास प्यायली तर ३३. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे तोच ग्लास, त्याच टेबलावर, एकाला मर्यादेत ठेवतो आणि दुसरीला बाहेर काढतो. पोट रिकामं आहे का, किती वेळात प्यायलं, यावर आकडा खालीवर होतो, त्यामुळे हे गणित 'अजून चालतंय' म्हणायला वापरू नका. 'किती पटकन ओलांडतं' हे कळायला वापरा.

आता त्या कडक रेसिपीचे दोन ग्लास घ्या. ४० ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ८५ च्या आसपास. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. म्हणजे मर्यादेत यायला साडेतीन-चार तास. आणि तो माणूस काय सांगेल? 'दोनच तर प्यायलो, आणि ते पण ज्यूससारखं होतं.' तो खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच माहीत नाही.

'थोडंसंच आहे गं'

पूर्वीच्या एका कंपनीत टीम आउटिंगला मोठ्या पातेल्यात 'फ्रूट पंच' केलेलं होतं. अननस, सफरचंदाच्या फोडी, वर पुदिना, अगदी लग्नातल्या वेलकम ड्रिंकसारखं. टीममधली एक मुलगी, कधीच न पिणारी, तिनं सरळ विचारलं, यात काही आहे का? उत्तर आलं, 'थोडंसंच आहे गं, कळणार पण नाही.' तिनं ग्लास खाली ठेवला आणि पाणी घेतलं. त्यानंतर अर्धा तास तिला तीनचार जणांनी हसत हसत आग्रह केला. कुणाच्याही मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही सांगेन. पण ती त्यानंतर टीमच्या एकाही पार्टीला आली नाही. 'कळणार पण नाही' हे त्या उत्तरात दिलासा म्हणून आलं होतं. मला वाटतं तीच सगळ्यात मोठी धोक्याची सूचना होती.

यात आपली एक जुनी, खूप चांगली सवय आडवी येते. आग्रह. मराठी घरात पाहुण्याला आग्रह न करणं हा अपमान. श्रीखंड, जिलबी, पुरणपोळी, 'अहो एक घ्याच, तुम्हाला माझी शपथ.' पंगतीत पानावर आडवा हात धरला तरी वाढपी बोटांच्या फटीतून जिलबी सोडून जायचा, आणि सगळे हसायचे. जिलबीपुरतं हे गोडच आहे. जास्तीत जास्त दुपारी झोप येईल. पण तोच आग्रह आपण जसाच्या तसा ग्लासावर आणलाय, आणि तिथे तो चालत नाही. कारण जिलबी किती खाल्ली ते पानावर दिसतं. ग्लासात किती गेलं ते दिसत नाही. आणि जिलबी खाऊन कुणाला स्कूटर चालवायची बंदी नाही.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप नेहमीचा: 'सगळे मोठे आहेत, ज्यानं त्यानं आपलं बघावं.' मला हे तत्त्व मान्य आहे, आणि म्हणूनच मी सांगतोय. आपलं आपण बघायला माहिती लागते. व्हिस्कीच्या बैठकीत बाटली समोर असते, पेग डोळ्यांदेखत भरला जातो, माणूस हिशोब ठेवू शकतो. कॉकटेलमध्ये ती माहिती फक्त ओट्यापाशी उभ्या माणसाकडे असते. आपल्या भाषेत सांगायचं तर तुम्ही फंक्शन लिहिलंय, आत काय होतं ते लपवलंय, आणि चुकीच्या वापराचं खापर वापरणाऱ्यावर फोडताय. कोड रिव्ह्यूमध्ये हे चाललं असतं का?

दुसरा: 'मोजत बसलं की मजा जाते, हाताचा अंदाज असतो.' स्वयंपाकात असतो, मान्य. आईनं कधी मीठ मोजलं नाही. पण चांगला बारटेंडर प्रत्येक ग्लास मोजतो, आणि त्यामागे कंजूषपणा नसतो. लिंबू-पाक-दारूचं प्रमाण पाच मिलीनं सरकलं तरी चव सरकते. मोजणं हे आधी चवीसाठीच आहे, सुरक्षितता त्याच्यासोबत फुकट मिळते. जिगर नसेल तर कफ सिरपच्या बाटलीवरचं मापाचं झाकण घ्या, त्यावर ५, १०, १५ मिलीच्या खुणा असतात. प्रत्येक घरात एक तरी पडलेलं असतं.

तिसरा: 'पोलिसांनी बघावं की, नाकाबंदी कशाला असते?' २०१९ च्या दुरुस्तीनंतर दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला दंड दहा हजारांचा, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायदा आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्शे गाडीनं दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. आपल्यासारखेच, आपल्याच क्षेत्रातले, आपल्याच वयाचे. त्यानंतर शहरातल्या पब-बारवर कारवाया झाल्या, वेळा आणि वयाचे दाखले तपासण्यावर चर्चा झाली. ते व्हायलाच हवं होतं. पण ताथवड्यातल्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ना परवाना तपासणारा येतो, ना वयाचा दाखला बघणारा, ना 'आता बस' म्हणणारा. तिथे ती सगळी कामं एकाच माणसाची, आणि तो माणूस म्हणजे यजमान.

शिवाय आपला भूगोल बघा. आपल्याकडे येणारा पाहुणा चालत जाण्याइतका जवळ राहत नाही आणि कॅब करावी असं वाटण्याइतका लांबही नाही. पुनावळे, वाकड, रावेत, सगळे 'दहा मिनिटांवर'. दहा मिनिटांसाठी कोण कॅब बोलावतो? बाइक आहेच खाली. आणि त्या दहा मिनिटांत काय असतं? महामार्गाचा सर्व्हिस रोड, भुयारी मार्गाच्या तोंडाशी उलट्या दिशेनं येणारे, अर्धवट खोदलेला कडेचा पट्टा, आणि रात्री बांधकामांवर जाणारे डंपर आणि काँक्रीट मिक्सर. इथे पूर्ण शुद्धीत गाडी चालवायला दोन डोळे कमी पडतात.

तर मग करायचं काय?

फार नाही. चार गोष्टी.

एक, मोजा. एका ग्लासात एक स्मॉल पेग, त्याच्या वर नाही. म्हणजे पाहुण्याला 'किती झाले' हे ग्लास मोजूनच कळेल.

दोन, न विचारता सांगा. ग्लास हातात देतानाच, 'यात तीस मिली ब्रँडी आहे.' पाच शब्द लागतात. काय आहे हे विचारायची वेळ पाहुण्यावर येता कामा नये, कारण विचारलं की 'ही पीत नाही वाटतं' अशी कुजबुज सुरू होते.

तीन, दारूशिवायचा ग्लास तितकाच छान करा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. न पिणाऱ्याला आपण कोल्ड्रिंकची कोमट बाटली आणि स्टीलचा पेला देतो, आणि मग म्हणतो तो मिसळत नाही. वरची रेसिपी ब्रँडीशिवाय करा, लिंबू पाच मिली जास्त, चिमूटभर काळं मीठ, तोच काचेचा ग्लास, तीच स्ट्रॉबेरी कडेला. कुणाचं औषध चालू असतं, कुणाला मूल होणार असतं आणि अजून सांगायचं नसतं, कुणी सोडलेली असते, कुणाला शनिवार असतो, आणि कुणाला नुसतं नको असतं. यातलं एकही कारण त्याला आपल्या दिवाणखान्यात उभं राहून द्यावं लागू नये. फक्त दोन्ही ग्लास एकसारखे दिसतात म्हणून खूण ठेवा: दारूच्या ग्लासात लिंबाची चकती, बिनदारूच्या ग्लासात पुदिना, आणि ती खूण सगळ्यांना आधीच सांगा. अदलाबदल झाली तर सगळं मुसळ केरात.

चार, आग्रह जेवणाचा करा. मटण, भाकरी, भात, जे काही असेल ते दहाच्या आत वाढा, आणि तिथे मात्र शपथा घाला, हवं तर बोटांच्या फटीतून वाढा. आणि गाडी चालवणाऱ्याची किल्ली मागायला लाजू नका. बाहेरच्या खोलीत गादी घालता येते. सकाळी पोहे होतात. उलट तीच बैठक जास्त लक्षात राहते.

अमरेटोच्या बाटलीवर बदामाचं नाव आणि आत जर्दाळू, हे एकवेळ चालतं. त्यानं कुणाचं बिघडत नाही, झाली तर गंमतच होते. पण आपण हातात दिलेल्या ग्लासाचं तसं होऊ नये. वर स्ट्रॉबेरी दिसत असेल आणि आत तीस मिली ब्रँडी असेल, तर ते सांगून टाकावं. चव तेवढीच राहते, मी करून बघितलंय.

असो. बदाम आज रात्री भिजत घाला, उद्या रविवार आहे. आणि लिंबं चार जास्तीची आणा, नेहमी कमी पडतात.